बारावीनंतर स्पॅनिशमध्ये बी.ए. : मराठी माध्यमाच्या मुलीला झेपेल का?

पंचगंगा

नमस्कार मंडळी. माझी लेक यंदा बारावी झाली, कला शाखा, शाळा कॉलेज सगळं कोल्हापुरात आणि मराठी माध्यमातून. ती फुटबॉल खेळते, आमच्याकडं वर्ल्डकप आला की पेठापेठांत अर्जेंटिनाचे झेंडे लागतात हे तुम्हाला माहीत असेलच, तर त्या मॅचेस बघता बघता तिला स्पॅनिशचं वेड लागलं आणि मोबाईलवरच्या ॲपवरून ती थोडंफार शिकलीपण. आता म्हणते मला क्लास नको, विद्यापीठात जाऊन स्पॅनिशचीच पदवी करायचीय. सीयूईटी (केंद्रीय विद्यापीठांची प्रवेश परीक्षा) दिलीय, दिल्लीचं जेएनयू (जवाहरलाल नेहरू विद्यापीठ) पहिली पसंती आणि हैदराबादचं इफ्लू (इंग्रजी आणि परकीय भाषांचं विद्यापीठ) दुसरी.

आमच्या घरात आजवर कुणी भाषेत पदवी घेतलेली नाही, त्यामुळं आम्हा दोघांना यातलं काही कळत नाही. एका करिअर मार्गदर्शन करणाऱ्यांकडं गेलो तर त्यांनी तोंडावर सांगितलं की मराठी माध्यमाची पोरं तिथं टिकत नाहीत, तिला बी.कॉम.ला घाला. पोरगी दोन दिवस जेवली नाही नीट. मला तिला नाही म्हणायचं नाहीये पण डोळे झाकून दिल्लीला पाठवायचंही नाहीये. तिथं नक्की काय शिकवतात, इंग्रजी कच्चं असेल तर काय होतं, पुढं पोटापाण्याचं काय, आणि पुण्यात राहून सर्टिफिकेट करणं बरं की पदवी, जे माहीत असेल ते कृपया सांगा.

पुणेरी_सायकल

पुण्यात फर्ग्युसन रोडवर रानडे इन्स्टिट्यूट आहे, तिथं पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे. जर्मन, फ्रेंच, रशियन, जपानी, स्पॅनिश सगळं शिकवतात, सर्टिफिकेट मग डिप्लोमा असं चढत जायचं. फी खाजगी क्लासच्या मानाने कमी आणि शिक्षक चांगले. दुसरीकडे साधी बी.ए. किंवा बी.कॉम. करत करत हे करता येतं. माझ्या बहिणीने जर्मन असंच केलं.

नीलमोहर

पंचगंगा ताई (की दादा?), मी लातूर जिल्ह्यातल्या एका गावातून मराठी माध्यमातून बारावी करून जेएनयूत स्पॅनिशला गेले, बी.ए. आणि एम.ए. दोन्ही तिथंच केलं, आता भाषांतर करते आणि शिकवते. त्यामुळे जरा सविस्तर लिहिते.

आधी ते मार्गदर्शक जे म्हणाले त्याबद्दल. मला त्याचा खरंच राग आला. बी.ए.चा पहिला वर्ग शून्यापासून सुरू होतो, सगळ्यांसाठी. दिल्लीच्या महागड्या शाळेतून आलेल्या मुलाला आणि तुमच्या लेकीला पहिल्या दिवशी स्पॅनिश सारखीच येत असते, म्हणजे येत नसते. आणि काही महिन्यांतच शिक्षक वर्गात जास्तीत जास्त स्पॅनिशच बोलायला लागतात, इंग्रजी मागे पडत जाते. इंग्रजी लागते ती कुठे तर सुरुवातीचं व्याकरण समजावताना, इतर विषयांच्या पेपरांना आणि संदर्भ वाचताना. पहिलं सेमिस्टर मला जड गेलं हे खरं, पण ते मेसमधलं हिंदी, दिल्लीची थंडी आणि घरची आठवण यामुळे जास्त. भाषेमुळे नाही.

उलट सांगते, मराठीचा फायदा होतो आणि तो चांगला भरघोस होतो. स्पॅनिशमधले त आणि द आपल्यासारखे दातांना जीभ लावून येतात. इंग्रजी माध्यमातली मुलं 'तोदो'चं 'टोडो' करतात आणि ते मोडायला त्यांना महिनोन्महिने लागतात, आपल्या तोंडात ते आधीच बसलेलं असतं. जसं लिहिलं तसं वाचायचं, पाच स्वर, संपलं. नामांना लिंग असतं आणि विशेषण त्याप्रमाणे बदलतं याचं इंग्रजीवाल्यांना केवढं कौतुक आणि केवढं टेन्शन, आपण तर तीन लिंगं सांभाळत मोठे झालो, तिथं दोनच आहेत. आणि 'मला आंबा आवडतो, मला आंबे आवडतात' हे आपण जसं म्हणतो तस्संच ते म्हणतात, 'मे गुस्ता एल मांगो, मे गुस्तान लोस मांगोस', क्रियापद आंब्याप्रमाणे बदलतं, माझ्याप्रमाणे नाही. यावर आमच्या वर्गात अख्खा तास गेला आणि मी व ओडिशाची एक मुलगी, आम्ही दोघी एकमेकींकडे बघत होतो की यात न समजण्यासारखं आहे काय.

अवघड काय ते पण सांगते. 'असणे'साठी दोन क्रियापदं आहेत, सेर आणि एस्तार, ती कुठली कधी वापरायची हे अंगवळणी पडायला वर्ष जातं. क्रियापदांची रूपं भरपूर, पाठ केल्याशिवाय गत्यंतर नाही. मी एक लांबट वही केली होती, डाव्या पानावर क्रियापद आणि उजवीकडे सगळे काळ, रोज रात्री हात दुखेपर्यंत लिहायचे. आणि ऐकणं. स्पेनचा माणूस बोलतो वेगळं, अर्जेंटिनाचा वेगळं, क्युबाचा तर शब्दाच्या शेवटचा स गिळूनच टाकतो.

आता पदवीत काय असतं. पहिलं वर्ष नुसती भाषा, व्याकरण, उच्चार, संभाषण, श्रुतलेखन, आणि तास रोज. दुसऱ्या वर्षापासून स्पेनचा आणि लॅटिन अमेरिकेचा इतिहास, संस्कृती, आणि छोटे उतारे वाचणं. मग साहित्य, भाषांतर, भाषाशास्त्राची ओळख. इथेच सर्टिफिकेट आणि पदवी यातला खरा फरक आहे बघा. सर्टिफिकेटने तुम्हाला बोलता येतं. पदवीने तुम्ही त्या लोकांना ओळखायला लागता. स्पेनमध्ये आठव्या शतकापासून पंधराव्यापर्यंत अरबांची सत्ता होती, १४९२ साली त्यांचं शेवटचं राज्य ग्रॅनडा पडलं, त्याच वर्षी कोलंबस निघाला, त्याच वर्षी नेब्रिहा नावाच्या विद्वानाने स्पॅनिशचं पहिलं छापील व्याकरण राणी इसाबेलला अर्पण केलं, हे तिन्ही एकत्र शिकताना माझ्या अंगावर काटा आला होता. मग समजतं की ही भाषा मेक्सिकोत आणि पेरूत कशी पोचली, काय किंमत देऊन पोचली, आणि केचुआ नि नाहुआत्ल या तिथल्या मूळ भाषा बोलणाऱ्यांचं काय झालं. माझं म्हणणं एवढंच की तुमच्या लेकीला हे वाचायची, खोलात जायची हौस असेल तर पदवीच करू द्या. नुसती नोकरीपुरती भाषा हवी असेल तर पुणेरी_सायकल म्हणतात तो रस्ता सोपा, स्वस्त आणि चांगला आहे.

गणित_माझा_विषय

मी वेगळं मत मांडतो, कुणी रागावू नका. मुलीची आवड आहे हे ठीक, पण आता फोन समोर धरला की मशीन भाषांतर करून देतं. कंपन्या भाषांतराचं काम मशीनला देतायत आणि माणसाला फक्त तपासायला ठेवतायत, तेही कमी पैशात. माझ्या चुलत भावाचं फ्रेंचचं काम गेल्या काही वर्षांत निम्म्याच्या खाली आलं. अशा वेळी चार वर्षं फक्त भाषेला देणं हे मध्यमवर्गीय घराला परवडणारं नाही. आधी एखादी हाताला काम देणारी पदवी करा, भाषा जोडीला ठेवा.

नीलमोहर

गणित, तुमचं म्हणणं मी उडवून लावणार नाही कारण ते बऱ्यापैकी खरं आहे. मॅन्युअल, वेबसाईट, ईमेल असलं साधं भाषांतर मशीनकडे गेलंय, मलाही आता मशीनने केलेलं दुरुस्त करायचीच कामं जास्त येतात. कुणी मुलगी नुसती भाषांतरकार व्हायचं म्हणून पदवी करत असेल तर मीही तिला विचार कर म्हणेन.

पण शिकवण्याचं काम कमी झालेलं नाही. मुंबई-पुण्यातल्या आयबी, आयजीसीएसई अशा आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळांत स्पॅनिश आहे, सीबीएसईतही विषय आहे, एम.ए. करून नेट (प्राध्यापकीसाठीची पात्रता परीक्षा) झालं की कॉलेजचा रस्ता आहे. समोरासमोर दुभाषी म्हणून बसायला, दवाखान्यात, कोर्टात, बोलणी चालू असताना, माणूसच लागतो कारण चूक झाली तर जबाबदारी कुणीतरी घ्यावी लागते. आणि ज्याला भाषा खोलवर येते तोच मशीनची चूक पकडू शकतो, वरवर येणाऱ्याला ती दिसतच नाही. म्हणजे अर्धवट शिकणाऱ्यांची अडचण झालीये, नीट शिकणाऱ्यांची तेवढी नाही.

मेक्सिकोवारी

मी इंजिनिअर, सांगलीचा, सध्या मेक्सिकोत ग्वादालाहाराला असतो. पुण्यात नोकरी करत संध्याकाळचा स्पॅनिशचा कोर्स केला होता, त्या जोरावर इकडचं प्रोजेक्ट मिळालं. म्हणजे मी सर्टिफिकेटवाला.

आधी नोकऱ्यांबद्दल, कारण लोकांना वाटतं स्पॅनिश म्हणजे स्पेन. स्पेन एक देश आहे हो, पण वीसेक देशांची ही भाषा आहे. भारतातल्या आयटी कंपन्या इकडं पाय रोवून आहेत, टीसीएस उरुग्वेत माँतेविदेओला २००२ पासून आहे, ग्वादालाहाराला पण आहे. पुण्याच्या बजाजच्या मोटारसायकली कोलंबियात गल्लोगल्ली दिसतात. मुंबई-अहमदाबादच्या औषध कंपन्या लॅटिन अमेरिकेत माल पाठवतात आणि त्यांना तिथल्या सरकारी नोंदणीची कागदपत्रं स्पॅनिशमध्ये करावी लागतात. भारतात बसून करायच्या नोकऱ्या म्हणाल तर पुणे, बंगलोर, हैदराबाद, गुरुग्राममध्ये सपोर्ट सेंटर आहेत, त्यात अमेरिकेची वेळ म्हणून रात्रपाळी येते, हे मुलीच्या आईवडिलांनी लक्षात ठेवावं.

आता इथलं खरं सांगतो. पहिल्या दिवशी कँटीनमध्ये जेवत बसलो होतो तर शेजारून जाणारा प्रत्येक अनोळखी माणूस 'प्रोवेचो' म्हणून पुढे जात होता, म्हणजे सावकाश जेवा. पन्नास लोक असतील तर पन्नास वेळा. मी बी१ (मधली पातळी) पास होतो पण कामाच्या मीटिंगा सोडून या लोकांच्या गप्पांत मला काडीचं कळायचं नाही. ते 'आओरिता' म्हणतात, शब्दश: आत्ता लगेच, पण काम कदाचित संध्याकाळी होईल कदाचित उद्या, ते सुरावरून ओळखायचं. साहेबाला उस्तेद (म्हणजे तुम्ही) म्हणायचं की तू, सासूला काय म्हणायचं, दुकानदाराला काय, हे इथे आल्यावर ठेचा खात शिकलो. आमच्या टीममध्ये दिल्लीहून स्पॅनिशची एम.ए. केलेली एक मुलगी आली, ती आठवड्याभरात सगळ्यांच्या घरी जेवायला जायला लागली. तिला त्यांच्या क्रांतीचा इतिहास माहीत, सणवार माहीत, मृतांच्या दिवशी घरात मांडतात त्या ओफ्रेंदावर काय काय ठेवतात ते माहीत. आमच्या क्लायंटने दुसरं काम तिच्यामुळे दिलं असं मॅनेजरच म्हणाला. म्हणून मी सर्टिफिकेटवाला असूनही म्हणेन, पोरीला जाऊ द्या.

मांडवीतीर

गोव्याहून लिहितो. स्पॅनिश नाही तर पोर्तुगीजबद्दल, पण ज्यांना जवळ राहायचंय त्यांच्या उपयोगी पडेल. गोवा विद्यापीठात शणै गोंयबाब भाषा-साहित्य प्रशाळेत पोर्तुगीज आहे, पणजीत कामोईश आणि फुंदासांव ओरिएंत या पोर्तुगीज संस्थांची केंद्रं आहेत. इथे या भाषेला एक वेगळंच काम आहे. १९६१ आधीचे जमिनीचे दस्त, वारसाचे कागद, कोमुनिदादीच्या (गावाच्या सामाईक जमिनीच्या संस्थेच्या) वह्या, चर्चमधल्या जन्ममृत्यूच्या नोंदी सगळं पोर्तुगीजमध्ये, जुन्या हस्ताक्षरात. घराघरात वाटणीची भांडणं चालू आणि तो कागद वाचणारे लोक म्हातारे होत चालले. वकिलांना असे लोक हवेच असतात. मशीन त्या शाईत बुडालेल्या पानांपुढे हात टेकतं. पोर्तुगीज येणाऱ्याला छापील स्पॅनिश बरीचशी वाचता येते, बोलण्यातलं मात्र वेगळं पडतं.

पंचगंगा

सगळ्यांचे मनापासून आभार. (नीलमोहर, मी ताई आहे, मुलीची आई.) तुमचा प्रतिसाद तिला वाचून दाखवला, आंब्याचं ऐकून तिनं लगेच ॲप उघडून दाखवलं की आई हेच मला येत होतं आणि ते ॲप इंग्रजीतनं समजावतंय म्हणून गोंधळायला झालं. आज बऱ्याच दिवसांनी पोटभर जेवली.

दोन प्रश्न. एक, दिल्लीचा खर्च. दोन, तिचा स्वतःचा प्रश्न आहे, ती म्हणते सुबखुन्तिवो म्हणून काहीतरी आहे ते कुठल्याच व्हिडिओतून समजत नाही, ते इतकं अवघड असेल तर पुढं कसं होणार.

नीलमोहर

ताई, खर्चाचं आधी. जेएनयूत बी.ए.ची शिकवणी फी वर्षाला काही शेकड्यांत आहे, हजारांत नाही. खरा खर्च मेस, प्रवास, पुस्तकं आणि वसतिगृह मिळेपर्यंत बाहेर राहावं लागलं तर ते भाडं. पहिल्याच वर्षी वसतिगृह लगेच मिळेल असं धरून चालू नका, तेवढे महिने हातात पैसे ठेवा. इफ्लू केंद्रीय विद्यापीठ आहे आणि कोल्हापूरहून हैदराबाद जवळ पडतं, भाषा शिकवण्यात जुनं नाव आहे, तिथे मिळालं तर दुय्यम मिळालं असं अजिबात समजू नका. दिल्ली विद्यापीठ आणि जामियातही स्पॅनिशची बी.ए. आहे, तेही पर्याय बघून ठेवा. प्रत्येक विद्यापीठाचं माहितीपत्रक स्वतः वाचा, तारखा आणि नियम बदलत राहतात, कुणाच्या सांगण्यावर जाऊ नका, माझ्यासुद्धा.

आता तिच्या प्रश्नाचं. बाळा, सुबखुन्तिवो तुला आधीच येतं. 'तू येतेस' हे आपण जे घडतंय ते सांगताना म्हणतो. पण 'तू यावंस असं मला वाटतं' म्हणताना 'यावंस' कुठून आलं? ते घडलेलं नाही, ती माझी इच्छा आहे, म्हणून रूप बदललं. स्पॅनिशमध्ये अगदी तेच होतं: 'किएरो के बेंगास', तू यावंस अशी माझी इच्छा. आणि 'से के बिएनेस', मला माहितीये की तू येतेस, इथे साधं रूप कारण ती खरी गोष्ट आहे. आशा, इच्छा, विनंती, शंका आली की त्यांचं क्रियापद असं वळतं. आपल्या शाळेतला विध्यर्थ आठव. इंग्रजीत हे रूप जवळपास मेलेलं आहे म्हणून त्या व्हिडिओवाल्यांना समजावता येत नाही.

फक्त एक लक्षात ठेव, सगळीकडे ते जुळत नाही. 'ती येईल असं मला वाटत नाही' यात आपण 'यावी' म्हणत नाही, पण स्पॅनिशमध्ये तिथेही वळलेलंच रूप लागतं, 'नो क्रेओ के बेंगा'. आणि 'तू आलीस की फोन कर' यातल्या 'आलीस की'साठीसुद्धा, कारण ते अजून व्हायचंय, 'कुआन्दो बेंगास'. अशा जागा वहीत वेगळ्या काढत जा. मराठीतून सुरुवात कर, जिथे मराठी साथ सोडते तिथे खूण कर, ती यादी फार मोठी होत नाही.

सखी_सोलापूर

किती छान समजावलंय. मी कॉलेजात जर्मन शिकवते आणि माझा अनुभव हाच, मराठी माध्यमाच्या मुलांना व्याकरणाची परिभाषा आधीच माहीत असते, कर्ता कर्म विभक्ती प्रयोग, त्यामुळे ती भराभर उचलतात. त्यांना कमी पडतो तो बोलायचा धीर. वर्गात मागे बसतात, चुकू म्हणून तोंड उघडत नाहीत. ताई, एवढंच तिला सांगा, पहिल्या रांगेत बस आणि चुकलं तरी बोल.

अजून एक, पदवी चालू असतानाच डेले ही स्पॅनिशची पातळी ठरवणारी परीक्षा देऊन ठेवावी. इन्स्तितुतो सेर्वांतेस ही स्पेनची सरकारी संस्था ती घेते, त्यांचं दिल्लीतलं केंद्र २००९ पासून आहे. ए१ (सगळ्यात खालची) ते सी२ (सगळ्यात वरची) पातळ्या, आणि ते प्रमाणपत्र कायमचं असतं, मुदत संपत नाही. बी२पर्यंत गुणांची पद्धत अशी की वाचन-लेखनाचा एक गट आणि ऐकणं-बोलण्याचा दुसरा, प्रत्येक गट ५० गुणांचा आणि दोन्हींत वेगवेगळे किमान ३० पाहिजेत. म्हणजे लिहिण्यात हुशार आणि बोलण्यात गप्प अशांचं तिथे अडतं. पदवीच्या जोडीला बी२ असेल तर नोकरी देणाऱ्याला पातळी लगेच कळते.

गणित_माझा_विषय

सगळं वाचलं. शिकवण्याचा आणि औषध कंपन्यांचा मुद्दा मला माहीत नव्हता, तो पटला. तरी एक सुचवतो, पदवी करताना जोडीला कॉम्प्युटरवरचं भाषांतराचं सॉफ्टवेअर आणि थोडं व्यापाराचं ज्ञान घ्यावं. मुलीला शुभेच्छा.

मेक्सिकोवारी

हे बरोबर. आयात-निर्यातीचे कागद वाचता आले तर सोन्याहून पिवळं. आणि पंचगंगा ताई, तिला सांगा फुटबॉल सोडू नकोस. इथं रविवारी सकाळी मैदानावर जेवढं स्पॅनिश शिकलो तेवढं कुठल्या वर्गात नाही. आणि अर्जेंटिनाचं स्पॅनिश ऐकून कान तयार झाले असतील तर ते लोक 'तू'च्या जागी 'बोस' म्हणतात, क्रियापदंपण वेगळी करतात, जेएनयूत गेल्यावर परीक्षेत मिसळायचं नाही एवढं बघ.

पंचगंगा

यांनी पण सगळा धागा बसून वाचला, रात्री उशिरापर्यंत. दोघांचं ठरलं, जिथं नंबर लागेल तिथं पदवीलाच घालायचं, जेएनयू नाहीतर हैदराबाद. कुठंच नाही लागला तर पुण्यात बी.ए. आणि रानडेला सर्टिफिकेट, आणि पुढल्या वर्षी परत सीयूईटी. निकाल लागला की इथं कळवते. नीलमोहर, ती विचारतेय की शब्दकोश कुठला घ्यायचा, इंग्रजीचा घेतला तर चालेल का?

नीलमोहर

पहिल्या वर्षी स्पॅनिश-इंग्रजी कुठलाही छोटा चालेल, महागडा नको. दुसऱ्या वर्षापासून स्पॅनिशमधून स्पॅनिश अर्थ देणारा वापरायचा, रिआल अकादेमियाचा (स्पेनच्या भाषा अकादमीचा) मोठा शब्दकोश त्यांच्या साईटवर फुकट आहे. आणि प्रत्येक नवीन शब्दापुढे वहीत मराठी अर्थ लिही म्हणावं, इंग्रजी नाही. मला मेसेज करा, माझ्या पहिल्या वर्षाच्या नोट्स आहेत, स्कॅन करून पाठवते.